कॉलेजातल्या पाळणाघराचं कुलूप निघणार कधी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागातल्या एका महाविद्यालयाच्या अहवालात 'लहान मुलांसाठी पाळणाघर : उपलब्ध' असं छापलेलं आहे. ते खोटं म्हणता येत नाही. खोली आहे. दारावर निळ्या अक्षरांची पाटी आहे. आत दोन पाळणे, प्लास्टिकची घसरगुंडी, भिंतीवर कार्टून आणि 'ए फॉर ॲपल'चा तक्ता आहे. हे सगळं मी खिडकीच्या गजातून पाहिलं, कारण दाराला कुलूप असतं. नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची, समिती यायची असली की कुलूप निघतं, फरशी पुसतात, कर्मचाऱ्यांची दोन-चार लेकरं आणून घसरगुंडीवर बसवतात आणि फोटो काढतात. समिती गेली की लेकरं आपापल्या घरी. हा भाग तिथल्याच शिपाईदादांनी सांगितला, तोही हसत हसत.

मी कोण ते आधी सांगते. मी अंगणवाडी सेविका होते, केज तालुक्यात. पासष्ट पूर्ण झाली आणि नियमाप्रमाणे घरी बसले. घरी बसले म्हणायचं एवढंच. सून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिचं लेकरू दीड वर्षाचं आहे, अजून अंगावर पितंय. म्हणून सून कॉलेजला निघाली की आम्ही तिघंही एसटीत बसतो. ती वर्गात जाते, मी आणि नातू ग्रंथालयामागच्या कडुलिंबाखाली सतरंजी टाकतो. दोन तासांच्या मधे ती पळत येते, पाजते, पदर सारखा करते आणि परत पळते.

तिथं आम्ही एकटेच असू असं वाटलं होतं. तसं नाही. एक आजोबा असतात, पटका बांधलेले, मांडीवर नात. लेक एम.ए. करायली म्हणतात. बाटलीनं दूध पाजताना त्यांचे हात थरथरतात, पण उन्हाची तिरीप आली की नातीला घेऊन बरोबर सावलीकडे सरकतात. एक प्राध्यापिका आहेत, तासिका तत्त्वावरच्या. बाळ पाच महिन्यांचं, सोबत धाकटी बहीण, जिची बारावी त्यापायी रखडली. कायम असलेल्या बाईंना बाळंतपणाची रजा मिळते, हिला तास घेतला तर पैसे. झाडलोट करणाऱ्या कंत्राटी बाईचं चार वर्षांचं पोरगं दिवसभर व्हरांड्यात हिंडत असतं आणि प्रत्येक वर्गाच्या दारात उभं राहून एकदा 'येस सर' म्हणून येतं. पोरं हसतात, सर चिडतात. फी घेणाऱ्या खिडकीतल्या क्लार्कची बायको माहेरी गेली तेव्हा त्याने आपली तीन वर्षांची मुलगी आठवडाभर टेबलाखाली रद्दीच्या गठ्ठ्यावर बसवून ठेवली होती. मी तिला बाहेर मागून आणलं तेव्हा त्याला झालेला आनंद बघायला पाहिजे होता. हे मुद्दाम सांगते, कारण पाळणाघर म्हटलं की कॉलेजवाले ते 'महिलांसाठीच्या सुविधा' या रकान्यात टाकून मोकळे होतात. लेकराला बाप नसतो काय?

रविवारी तर जत्राच असते. मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र त्याच इमारतीत चालतं, आणि मुक्त विद्यापीठात शिकणाऱ्या निम्म्या तरी बायका-पोरी लेकुरवाळ्या दिसतात. संपर्कवर्ग रविवारी, अंगणवाडी रविवारी बंद, नवरा रविवारी शेतात नाहीतर बाजारात. मग लेकरू काखेला. एक पोरगी शेवटच्या बाकावर बसून लेकराला पायांवर झोपवते आणि वर वही धरून लिहिते.

आणि दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्याचं निराळंच. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. त्यात सासू-सासऱ्यांचाही कोयता असतो, म्हणजे ज्या घरात लेकरू सांभाळायला म्हातारी असते ती म्हातारीच पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात पाचट ओढत असते. ज्या सुनेला 'तू शीक, आम्ही जातो' असं म्हणणारं घर मिळालं, तिच्याच घरात सहा महिने लेकरू धरायला माणूस उरत नाही. अशी एक पोरगी गेल्या हिवाळ्यात दिसेनाशी झाली. हुशार होती, माझ्या सुनेला इतिहासाच्या नोट्स तीच द्यायची. तिनं नाव काढलं नाही, अर्ज केला नाही, फी बुडवली नाही. हजेरीपटावर तिच्यापुढे रोज गैरहजेरी पडत गेली. अशा पोरी 'गळती'च्या आकड्यात येतात की नाही कोण जाणे, कारण त्या कधी गळल्या ते कोणालाच कळत नाही.

आता कोणी म्हणेल, सरकारनं इतकं केलंय. केलंय, ते मी नाकारत नाही. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी राज्यानं माफ केली. डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं सगळ्या विद्यापीठांना लिहिलं की पदवी आणि पदव्युत्तरच्या विद्यार्थिनींनाही प्रसूतीच्या रजेचे, हजेरीत सवलतीचे नियम करा. पीएच.डी. करणाऱ्या बाईला २४० दिवसांची रजा त्याच्याही आधीपासून आहे. पण रजा म्हणजे बाईनं कॉलेजपासून लांब राहायची सोय. लेकरासकट कॉलेजात यायची सोय कुठाय?

हिशोब मांडून पाहा. २०१७ साली प्रसूती लाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन बाळंतपणांची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. म्हणजे सहा महिने. अंगणवाडीत लेकरू बसतं तिसऱ्या वर्षापासून. मधली अडीच वर्षं कोणाची? त्या वयाच्या लेकराला आम्ही अंगणवाडीतून घरपोच आहाराचं पाकीट देतो, वजन-उंची घेतो, लसीची तारीख सांगतो. पाकीट काही लेकराला कडेवर घेत नाही. तीन ते सहाची लेकरंही अंगणवाडीत दिवसातले काहीच तास असतात, आणि कॉलेजचा शेवटचा तास संपायला चार वाजतात.

त्याच दुरुस्तीत पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं केलं आणि आईला दिवसातून चार वेळा लेकराकडे जायची मुभा दिली. चार वेळा! हे ज्यानं लिहिलं त्याला अंगावरचं लेकरू माहीत असणार. पण त्यातही मोजायचे ते कर्मचारी. विद्यार्थिनी कुठल्याच मस्टरवर नाही. ती फी भरते म्हणून कामगार नाही, आणि गिऱ्हाईक म्हणूनही तिला कोणी मोजत नाही.

अनुदान आयोगाला हे फार आधी सुचलं होतं. अकराव्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे २००७ ते २०१२ च्या काळात, विद्यापीठं आणि कॉलेजांतल्या दिवसभराच्या पाळणाघरांसाठी आयोगाची योजना होती. तीन महिन्यांपासून सुमारे सहा वर्षांपर्यंतची लेकरं, कर्मचाऱ्यांची, विद्यार्थ्यांची आणि संशोधकांचीसुद्धा, फी घेऊन सांभाळायची. विद्यार्थ्यांची, हे त्यात स्पष्ट होतं. पुढे नॅकच्या सातव्या निकषात स्त्री-पुरुष समतेच्या प्रश्नाखाली सुरक्षितता, समुपदेशन, कॉमन रूम आणि लहान मुलांचं पाळणाघर अशी विचारणा आली. प्रश्न चांगल्या मनानं विचारलेला होता. आमच्याकडे त्याचं उत्तर घसरगुंडीचा फोटो असं निघालं.

मी कॉलेजच्या प्राचार्यसाहेबांना भेटले. ते म्हणाले, "मावशी, हे कॉलेज आहे, अंगणवाडी नाही." मी म्हटलं, "साहेब, पाटी तुम्हीच लावलीय." ते माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि खरी अडचण सांगितली. लेकरू पडलं, भाजलं, कोणी उचलून नेलं तर जबाबदार कोण? हा प्रश्न रास्त आहे आणि मी त्याचं उत्तर देते, कारण माझा जन्म त्यातच गेला.

जबाबदार ती बाई, जिला त्या कामाचा पगार मिळतो. ग्रंथालयातल्या मॅडमनी सोमवारी, ऑफिसातल्या ताईंनी मंगळवारी बघावं अशी पाळी लावून पाळणाघर चालत नाही. एक तर ज्याचं-त्याचं म्हणजे कोणाचंच नाही, आणि दुसरं, लेकराला माणूस लागतं ते एकच लागतं. दीड वर्षाच्या पोराला रोज नवा चेहरा दिला तर ते दिवसभर दाराकडे बघत बसतं, खात नाही, झोपत नाही. तेच एका बाईचा लळा लागला की आई गेल्यावर पाच मिनिटं रडतं आणि खेळायला लागतं. त्यासाठी सुरुवातीचे काही दिवस आईनं सोबत बसावं लागतं, मग थोडा वेळ बाहेर, मग एक तास. आणि जाताना सांगून जावं. आमच्या बायका लेकराला "ते बघ काऊ" म्हणतात आणि मागच्या मागं पळतात. मग लेकरू दुसऱ्या दिवशी पदरच सोडत नाही. त्याचं तरी काय चुकतं? एकदा फसवलं ना त्याला.

कोण लेकरू आणून सोडतं आणि कोण नेतं याची वही लागते, सहीसकट. दाराला आतून वरची कडी लागते, लेकराचा हात पोचणार नाही अशी. ओआरएसची पाकिटं, ताप मोजायचं यंत्र, जवळच्या दवाखान्याचा नंबर भिंतीवर. तीन वर्षांखालच्या लेकराच्या आसपास चिंचोके, हरभरे, मणी नकोत आणि अख्खे शेंगदाणे तर नकोतच, घशात अडकतात. द्यायचाच तर कूट करून गुळाबरोबर द्यावा. केंद्र सरकारच्या २०१८ च्या पाळणाघर मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या दहा लेकरांमागं एक सेविका आणि तीन ते सहाच्या वीसांमागं एक, शिवाय मदतनीस, असं प्रमाण आहे. माझ्या मते तीनखालची दहा जास्तच होतात. हात दोन असतात, त्यातला एक कायम कोणाचं तरी नाक पुसत असतो. पण निदान तेवढं तरी करा.

एवढी राखण झाली. पण नुसती राखणच करायची तर मी हे पत्र लिहिलं नसतं, लिंबाखाली ती होतेच आहे.

लिंबाखाली आता सात-आठ लेकरं जमतात. मी काही ठरवून केलं नाही. नातवासाठी एका ताटात तूर आणि ज्वारी मिसळून निवडायला घेतली, तर झाडलोटवाल्या बाईचं पोरगं येऊन बसलं आणि चिमटीनं एक-एक दाणा वेगळा करायला लागलं. दीड वर्षाच्याला दाणे देत नाही, त्याच्यापुढं पाण्याचं पातेलं आणि दोन वाट्या ठेवते. तो या वाटीतून त्या वाटीत ओतत तासभर बसतो. बघणाऱ्याला वाटतं म्हातारी लेकरांना नादी लावायली. चार वर्षांचा पोरगा तूर निवडतो तेव्हा त्याच्या बोटांत पेन्सिल धरायची ताकद येत असते, आणि हे याच्यासारखं, ते त्याच्यासारखं नाही, हे कळत असतं. गणित त्याच्यापुढं वेगळं काय असतं? क्लार्कच्या मुलीनं एकदा सगळ्यात लांब काडी कोणती म्हणून लिंबाच्या काड्या ओळीनं लावल्या, लहानापासून मोठीपर्यंत. तिला कोणी सांगितलं नव्हतं. पोळ्याच्या आधी आम्ही मातीचे बैल केले. एकाच्या बैलाला तीन पाय झाले. मी म्हटलं चौथा कुठाय, तर म्हणाला, "आज्जी, त्यो बसलाय, पाय खाली गेलाय." अशा पोराला 'ए फॉर ॲपल' म्हणायला लावायचं?

आईबापांचा दोष नाही. त्यांना वाटतं तीन वर्षांच्या पोरानं इंग्रजी अक्षरं लिहिली की ते मागं पडणार नाही. म्हणून गल्लोगल्ली नर्सरी निघाल्या आणि तिथं लेकरं रेघोट्या गिरवत बसतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पहिला टप्पा धरला आणि मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहाव्या वर्षाच्या आत होते असं त्यात लिहिलंय. खेळातून, गोष्टीतून, हातातून शिकवा असं त्यात आहे. आमच्या अंगणवाड्यांना राज्यानं दिलेल्या 'आकार' अभ्यासक्रमातही तेच होतं. आणि आम्हाला प्रशिक्षणात ज्यांचं नाव सांगत त्या ताराबाई मोडक तर हे शंभर वर्षांपूर्वी सांगत होत्या. १९२६ साली गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि त्यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढं १९४५ मध्ये ताराबाई पालघरकडच्या बोर्डीला गेल्या, त्यांच्या सहकारी अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. तिथल्या आदिवासी लेकरांना बालवाडीपर्यंत येता येईना, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळा कुरणात नेली. महागडी साधनं न आणता शिंपले, बिया, पानं घेतली. देशभरची अंगणवाडी ज्या कल्पनेवर उभी आहे ती तिथली आहे. कुरणात शाळा भरू शकते आणि कॉलेजच्या फरशीच्या खोलीत भरत नाही, याला काय म्हणावं.

आता साहेबांना मी जे सांगितलं आणि त्यांनी ज्यावर मान डोलावली ते लिहिते. याच कॉलेजात गृहविज्ञान आहे, मानसशास्त्र आहे, आवारातच बी.एड. आहे. या पोरींना 'बालविकासाचे टप्पे' म्हणून प्रात्यक्षिक वही करावी लागते. ती वही मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवतात. मी स्वतः पाहिलंय, एकीच्या वहीत 'बालक सोळा महिन्यांचे असून दोन शब्दांची वाक्ये बोलते' असं होतं. मी विचारलं, "कोणतं बालक गं?" ती हसली. पन्नास पावलांवर सोळा महिन्यांचं, अठरा महिन्यांचं, तीन वर्षांचं जिवंत लेकरू धुळीत बसलंय, आणि वहीत कुठलंसं जुनं लेकरू वर्षानुवर्षं सोळा महिन्यांचंच आहे.

दुसरीकडे हे कसं चालतं बघा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञान शाखेची चेतन बालवाडी आहे. दिल्लीच्या लेडी आयर्विन कॉलेजात राजकुमारी अमृत कौर बाल अध्ययन केंद्र १९५५ पासून आहे. तिथं लेकरं शिकतात आणि लेकरांना बघून कॉलेजच्या मुली शिकतात. आपल्या मराठवाड्यात परभणीच्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञानाचं, आता त्याला सामुदायिक विज्ञान म्हणतात, महाविद्यालय आहे आणि तिथं मानव विकास हा अख्खा विभाग आहे. म्हणजे शिकवणारी माणसं शोधायला लांब जायचं काम नाही. माझी एक भाची अमेरिकेत आहे. तिकडच्या कितीतरी कम्युनिटी कॉलेजांच्या आवारात बालकेंद्र असतं. शिकणाऱ्या आईबापांची लेकरं तिथं असतात, बालशिक्षणाचे विद्यार्थी तिथंच तास भरतात, काही ठिकाणी काचेपलीकडं बसून लेकरांना न कळता टिपणं घेतात. कमी उत्पन्नाच्या शिकणाऱ्या पालकांसाठी तिथल्या केंद्र सरकारचं वेगळं अनुदान असतं. तिकडं सगळं सोन्याचं आहे असं नाही, पाळणाघराची फी ऐकून मला घेरी आली. पण लेकरू हे कॉलेजच्या कामात आलेला अडथळा न मानता कॉलेजच्या अभ्यासाचा विषय मानलंय, ते मला पटलं. आपल्याला काच नको. खिडकीचे गज आहेत, फक्त आत लेकरं पाहिजेत.

एक आक्षेप मात्र मला खरोखर टोचला. एका प्राध्यापकांनी विचारलं, "बाई, पाळणाघर दिलं तर लोक म्हणतील लग्न करा, लेकरू झालं तरी कॉलेज आहेच. लवकर लग्नाला तुम्ही पाठबळच देता." मी त्यांना उडवून लावलं नाही. आमचा भाग कुठं आहे ते मला माहीत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ च्या, वीस ते चोवीस वयाच्या बायकांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के निघाल्या. परभणी जिल्ह्यात ४८ टक्के. बीड त्याच्या मागोमाग. मी सेविका असताना १०९८ला, लेकरांच्या हेल्पलाइनला, फोन लावून मांडव थांबवलेत आणि त्यापायी दोन वर्षं एका भावकीनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. लग्न थांबवायची जागा ती आहे, मांडवाच्या आधी, ग्रामसेवकाच्या, सेविकेच्या, शाळेच्या दारात. जिचं लग्न झालं, लेकरू झालं, आणि तरी जी एसटीनं कॉलेजात येतेय, तिच्या तोंडावर दार लावून कोणाचं लग्न थांबणार आहे? मुळात जी शिकेल तीच पुढं आपल्या लेकीचं लग्न अडवेल. अंगणवाडीत पोरीचं वय विचारलं की शिकलेली आई जन्मतारीख सांगते. न शिकलेली म्हणते, गाय व्याली त्या साली.

मागणी फार मोठी नाही. एक प्रशिक्षित सेविका आणि एक मदतनीस, दोघींना वेळेवर पगार. मानधन म्हणत नाही मी, त्या शब्दावर आमची हयात गेली. वेळ कॉलेजची, सकाळी पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत. मुक्त विद्यापीठाच्या रविवारी आणि विद्यापीठाच्या परीक्षेच्या दिवसांत तर नक्कीच. परीक्षा एप्रिल-मेत असते, पारा बेचाळीसच्या वर जातो, पेपर तीन तासांचा. त्या तीन तासांत आमची लिंबाची सावली दोनदा जागा बदलते आणि सून बाहेर येते तेव्हा तिचा पदर दुधानं भिजलेला असतो. शिकणाऱ्यांची, तासिकावाल्यांची, कंत्राटावरच्यांची सगळ्यांची लेकरं घ्यावीत, फी ज्याला झेपेल तशी. केंद्राच्या मिशन शक्तीत 'पाळणा' योजना आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकरांसाठी, अंगणवाडीला जोडून पाळणाघर. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयानं कॉलेजच्या शेजारची अंगणवाडी त्यात घेता येते का ते बघावं. म्हणजे सगळा भार कॉलेजवर पडायचा नाही.

२०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते आणि तिची बैठक वर्षातून निदान चार वेळा व्हायला पाहिजे. मी साहेबांकडे अर्ज दिलाय, त्या समितीपुढं ठेवा म्हणून. आवकचा शिक्का मारून प्रत घेतलीय. अर्जावर त्या आजोबांचा अंगठा आहे, प्राध्यापिकाबाईंनी मात्र सही केली नाही, पुढच्या सत्रात तास मिळतील की नाही या भीतीनं. मी आग्रह धरला नाही. मला स्वतःला ती नोकरी नको, गुडघे गेलेत. पण आमच्या बीटमधल्या, म्हणजे एका पर्यवेक्षिकेखालच्या अंगणवाड्यांतल्या, निवृत्त पण काम येणाऱ्या बायका मी दहा दाखवून देईन.

आणि खोली उघडलीच तर आधी भिंत रंगवायला जाऊ नका. मागची मोरी तुंबलेली आहे, नळाला पाणी नाही, ते करा. घसरगुंडी व्हरांड्यात काढा, फरशीवर घसरलेलं लेकरू डोक्यावर पडतं. तिच्या जागी सतरंजी, पाण्याचं पातेलं आणि चार सुपं ठेवा. तूर मी घरून आणते.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
ता. केज, जि. बीड

ता. क. : पत्र छापलंत तर माझं नाव टाकू नये. कॉलेजचं मी लिहिलेलंच नाही. सुनेची तोंडी परीक्षा अजून व्हायचीय.